हिशेब देणारा मंत्री : चिंतामणराव देशमुख

हैदराबादेत विद्यानगरकडून अंबरपेठेकडे येताना एक वसाहत लागते. रिक्षावाल्याला 'डीडी कॉलनी' एवढे सांगितले की तो पुढे काही विचारत नाही. टपालावर 'बाग अंबरपेठ' असा पत्ता लिहितात. 'डीडी' म्हणजे दुर्गाबाई देशमुख. जवळच विद्यानगरात त्यांनी स्थापन केलेल्या आंध्र महिला सभेचे रुग्णालय आहे, तेही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. दुर्गाबाई राजमहेंद्रीच्या, त्यामुळे तेलुगू मुलखात त्यांचे नाव वसाहतीला मिळावे यात नवल नाही. पण त्यांच्या नावापुढचे आडनाव आले ते थेट कोकणातल्या रोह्याहून. मी अंबरपेठेत राहतो आणि या पाटीखालून रोज जातो. ते आडनाव इथवर कसे आले, हे सांगण्यासाठी पुढची पाने आहेत.

दुर्गाबाईंचे पती चिंतामणराव ऊर्फ सी. डी. देशमुख म्हटले की मराठी माणसाच्या तोंडी एकच वाक्य येते : 'त्यांनी महाराष्ट्रासाठी अर्थमंत्रिपदाला लाथ मारली.' वाक्य खोटे नाही. त्यामागे कृतज्ञता आहे आणि ती रास्तही आहे. पण त्या वाक्याने दोन गोष्टी होतात. एक म्हणजे सहा वर्षांचे मंत्रिपद एका दिवसात मावते आणि बाकीच्या कामाकडे कोणी पाहत नाही. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. 'लाथ मारली' हे क्रियापदच या माणसाला शोभत नाही. चिंतामणरावांनी कोणत्याही पदाला कधी लाथ मारली नाही. आधीचा कारकून नव्या कारकुनाला वह्या दाखवून, शिलकेचा मेळ घालून चावी सोपवतो, तसे त्यांनी ते पद खाली ठेवले. हिशेब मागणे आणि हिशेब देणे हा त्यांच्या आयुष्याचा धर्म होता. रुपयांचा हिशेब त्यांनी मागितला, कायद्याचा मागितला आणि शेवटी गोळीबारात मेलेल्या माणसांचाही मागितला. त्यांचे मंत्रिपद आणि त्यांचा राजीनामा हे एकाच वृत्तीचे दोन भाग आहेत, एवढेच मला या प्रस्तावनेत सांगायचे आहे.

स्वतंत्र भारताची पहिली मंत्रिमंडळे आठवा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कायदामंत्री होते, काकासाहेब गाडगीळ बांधकाम, खाणी आणि वीज ही खाती पाहत होते. बहुतेक मंत्री तुरुंगवास भोगून आलेले होते, काही काँग्रेसच्या बाहेरचेही होते. अर्थखात्यात आधी षण्मुखम चेट्टी आले, मग जॉन मथाई. त्या पिढीचा एक विशेष आज ठळकपणे जाणवतो. ही माणसे पद सोडू शकत होती. श्यामाप्रसाद मुखर्जींनी १९५० मध्ये पद सोडले. मथाईंनी त्याच वर्षी नियोजन मंडळाच्या अधिकारांवरून सोडले. बाबासाहेबांनी १९५१ मध्ये हिंदू कोड बिल आणि इतर प्रश्नांवरून सोडले. लालबहादूर शास्त्रींनी १९५६ मध्ये अरियालूरच्या रेल्वे अपघातानंतर सोडले. प्रत्येकाचे कारण वेगळे होते. पण मंत्रिपद ही आपली मिळकत नाही, ती लोकांची ठेव आहे, हा समज सगळ्यांत सारखा होता. चिंतामणराव याच पिढीतले. फरक इतकाच की ते आले दुसऱ्या दाराने. ते कधी तुरुंगात गेले नव्हते. स्वातंत्र्यापूर्वी त्यांची सारी हयात इंग्रज सरकारच्या चाकरीत गेली होती.

त्यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी, संक्रांतीच्या सुमारास, महाडजवळच्या नाते या गावी झाला. वडील द्वारकानाथ रोह्यात वकिली करत, त्यामुळे बालपण रोह्यात गेले. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून ते १९१२ साली मॅट्रिकला पहिले आले आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनी मिळवली. त्या मुलाच्या कौतुकाची कविता राम गणेश गडकरींनी लिहिली. १९१५ मध्ये ते केंब्रिजच्या जीझस कॉलेजात गेले. तिथे ना अर्थशास्त्र घेतले ना कायदा. घेतली निसर्गविज्ञाने, आणि वनस्पतिशास्त्रात पारितोषिक मिळवले. पुढे ज्याने देशाचा अर्थसंकल्प मांडला, त्याचा पहिला अभ्यास पानाफुलांचा होता. वस्तू समोर ठेवायची, तिचे भाग वेगळे करायचे, प्रत्येकाला नाव द्यायचे आणि मग बोलायचे ही सवय त्यांना तिथे लागली असावी. त्यांची नंतरची भाषणे आणि टिपणे वाचताना हे सारखे जाणवते.

१९१८ मध्ये ते आय.सी.एस.च्या परीक्षेत पहिले आले. त्या दिवसांत लोकमान्य टिळक चिरोल खटल्यासाठी लंडनमध्ये होते. चिंतामणराव त्यांना भेटले. ही चाकरी नाकारून देशकार्यात पडावे असे त्यांच्या मनात होते. टिळकांनी त्यांना उलट सल्ला दिला : नोकरी घ्या, कारभार शिका, देश स्वतंत्र होईल तेव्हा या अनुभवाची गरज लागेल. सरकारी नोकरीला गुलामगिरी म्हणण्याच्या त्या काळात खुद्द टिळकांनी असे सांगितले. त्या सल्ल्याचे फळ दिसायला जवळजवळ तीस वर्षे लागली.

त्यांतली पहिली वीस वर्षे मध्यप्रांत आणि वऱ्हाडात गेली. जमिनीची प्रतवारी, सारा, जमाबंदी, मग नागपूरच्या सचिवालयात महसूल आणि अर्थ ही खाती. या काळाबद्दल मराठीत फार थोडे लिहिले गेले आहे, पण मंत्री घडला तो इथे. गावचा पाटील, तलाठ्याची खतावणी, शेतकऱ्याच्या उंबऱ्यावर बसलेला सावकार हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. पुढे दिल्लीत ग्रामीण कर्जाची आकडेवारी त्यांच्या टेबलावर आली तेव्हा त्या आकड्यांमागची माणसे त्यांच्या ओळखीची होती.

१९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले. १९४१ अखेर उपगव्हर्नर झाले आणि ११ ऑगस्ट १९४३ रोजी गव्हर्नर. त्या खुर्चीवर बसलेले ते पहिले भारतीय. काळ युद्धाचा होता, महागाईचा होता, बंगालच्या दुष्काळाचा होता. ब्रिटन युद्धासाठी भारतातून माल उचलत होता आणि त्याची किंमत लंडनमध्ये पौंडांत जमा होत होती. एके काळचा कर्जदार भारत आपल्याच राज्यकर्त्यांचा सावकार झाला. पण ते पैसे हाती कधी आणि कसे येणार? जुलै १९४४ मध्ये अमेरिकेत ब्रेटन वुड्स इथे ४४ देशांची परिषद भरली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक यांचा जन्म तिथे झाला. भारताच्या शिष्टमंडळाचे प्रमुख जेरेमी रेझमन इंग्रज होते, पण सदस्यांत चिंतामणराव, षण्मुखम चेट्टी आणि ए. डी. श्रॉफ होते. देश पारतंत्र्यात असतानाही त्यांनी या पौंड शिलकीचा प्रश्न जगापुढे मांडला. धनको म्हणून आपला हिशेब मागण्याचा हा पहिला मोठा प्रसंग.

मग फाळणी झाली. घरादारांची, पलटणींची, रेल्वेच्या डब्यांची वाटणी झाली तशी तिजोरीचीही झाली. ३० जून १९४८ पर्यंत रिझर्व्ह बँक भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांचे चलन सांभाळत होती. दोन्ही बाजूंना राग अनावर झालेला असताना शिलकेची वाटणी नियमाने करणे सोपे नव्हते. १ जानेवारी १९४९ रोजी बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले, त्याच वर्षी बँकांवर देखरेखीचा कायदा आला आणि ३० जूनला चिंतामणराव गव्हर्नरपदावरून उतरले. टिळकांनी सांगितलेली वेळ आता आली होती. नेहरूंनी त्यांना नव्या नियोजन मंडळावर बोलावले आणि मथाईंनी राजीनामा दिल्यावर, १९५० च्या मध्यावर, अर्थमंत्री केले.

त्या वेळची तिजोरी डोळ्यांपुढे आणली पाहिजे. निर्वासितांच्या छावण्या भरलेल्या होत्या. धान्य परदेशातून आणावे लागत होते. कोरियातल्या युद्धाने जगभर भाव चढले होते. संस्थाने भारतात सामील झाली होती, पण त्यांच्या जमाखर्चाच्या वह्या वेगवेगळ्या होत्या. हैदराबादचे उदाहरण इथल्या जुन्या घरांत अजून सांगतात. निजामाचा हाली सिक्का भारतीय रुपयाच्या जोडीने चालत होता आणि तो पूर्ण बंद व्हायला १९५९ उजाडले. एकाच बाजारात दोन रुपये चालत असले की भाजीवालीलाही रोज वटावाचे गणित करावे लागते. देश एक झाला याचा रोजचा अर्थ, नाणे एक झाले, कर एक झाला, हिशेबाची पद्धत एक झाली असा असतो. हे काम कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. त्यासाठी कोणी मिरवणूक काढत नाही.

चिंतामणरावांनी फेब्रुवारी १९५१ मध्ये पहिला अर्थसंकल्प मांडला आणि पुढे १९५६ पर्यंत दर वर्षी मांडत राहिले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते आपल्या कुलाबा जिल्ह्यातून लोकसभेवर निवडून आले. म्हणजे मंत्रिपद आधी आणि लोकांचा कौल नंतर, असा त्यांचा प्रवास. १९५५-५६ पासून अर्थसंकल्पाचे कागद हिंदीतही छापले जाऊ लागले. राज्याचा जमाखर्च लोकांच्या भाषेत लोकांना दिसावा, ही गोष्ट लहान नव्हती.

पहिली पंचवार्षिक योजना त्यांच्याच काळातली. सुरुवातीचा आराखडा २,०६९ कोटी रुपयांचा होता आणि त्यात शेती व पाटबंधाऱ्यांना पहिले स्थान होते. राष्ट्रीय उत्पन्न पाच वर्षांत शेकडा ११ च्या आसपास वाढेल असे धरले होते, ते सुमारे १८ ने वाढले. पाऊसपाणी चांगले झाले हे खरे. पण झेपेल एवढीच उडी ठरवायची, हा अर्थमंत्र्याचा संयमही त्यात होता. १९५१ मध्ये पहिला वित्त आयोग नेमला गेला आणि केंद्राने गोळा केलेल्या करातला राज्यांचा वाटा मर्जीवर न राहता नियमाने ठरू लागला. राज्य वित्त महामंडळांचा कायदा त्याच वर्षीचा. १९५३ मध्ये मथाईंच्याच अध्यक्षतेखाली कर चौकशी आयोग बसला. आपल्या आधी मतभेदाने गेलेल्या मंत्र्यालाच देशाची करपद्धती तपासायला बोलावले जाते, हे त्या काळाचे मोठेपण. त्याच वर्षी मृताच्या मालमत्तेवरील इस्टेट ड्युटीचा कायदा झाला.

या सगळ्यांत मला सर्वांत मोलाचे वाटते ते स्टेट बँकेचे काम. रिझर्व्ह बँकेने ७५ जिल्ह्यांतल्या ६०० गावांत पाहणी केली. शेतकरी कर्ज घेतो तेव्हा ते येते कुठून, एवढाच साधा प्रश्न होता. १९५४ अखेर उत्तर आले. सहकारी संस्थांकडून शेकडा तीनच्या आसपास, सरकारकडून जवळजवळ तेवढेच आणि व्यापारी बँकांकडून एक टक्काही नाही. बाकी सगळे सावकार, जमीनदार, व्यापारी आणि नातेवाईक. म्हणजे देशात बँका होत्या, पण देशातल्या बहुतेक माणसांसाठी त्या नव्हत्या. १ जुलै १९५५ रोजी इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि पाच वर्षांत ४०० नव्या शाखा उघडण्याचे बंधन तिच्यावर कायद्याने आले. आज तालुक्याच्या गावी आपण बँकेत सहज जातो. त्या सहजपणाची सुरुवात या पाहणीत आहे. मध्यप्रांतात सारा ठरवत हिंडलेला अधिकारी दिल्लीत मंत्री झाला, म्हणून हा प्रश्न विचारला गेला आणि उत्तर आल्यावर ते दप्तरात पडून राहिले नाही.

आता जानेवारी १९५६ कडे येऊ. त्या एका आठवड्याकडे वाचकाने थांबून पाहावे. १६ जानेवारीला नेहरूंनी आकाशवाणीवरून जाहीर केले की राज्यपुनर्रचनेत मुंबई शहर महाराष्ट्रात न जाता केंद्राच्या ताब्यात राहील. मुंबई पेटली. मोर्चे निघाले आणि पोलिसांच्या गोळ्यांनी माणसे पडू लागली. १८ जानेवारीला ६५८ कलमांच्या कंपनी कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. हा कायदा चिंतामणरावांनी संसदेतून पार नेला होता. १९ जानेवारीच्या रात्री त्यांनी स्वतः आकाशवाणीवर जाऊन जाहीर केले की आयुर्विम्याचा सगळा कारभार सरकार वटहुकमाने हाती घेत आहे. विमा कंपन्यांतले गैरव्यवहार उघड होऊ लागले होते. विधवेच्या आणि पोरक्या मुलांच्या आधारासाठी ठेवलेले पैसे काही मालक आपल्या उद्योगांत फिरवत होते. वटहुकमाचा सुगावा आधी कोणाला लागू दिला नाही, कारण लागला असता तर रातोरात तिजोऱ्या रिकाम्या झाल्या असत्या. देशी-परदेशी कंपन्या आणि भविष्यनिर्वाह सोसायट्या मिळून २४५ संस्था त्यात आल्या. आणि याच महिन्यात, मुंबईच्या बातम्या दिल्लीत पोहोचत असताना, चिंतामणरावांनी पंतप्रधानांकडे राजीनामा दिला.

हाच माणूस विमेदाराच्या पैशासाठी रात्री आकाशवाणीवर बोलायला जातो आणि हाच मुंबईत पडलेल्या माणसांसाठी पद सोडायला निघतो. मला या दोन कृतींत अंतर दिसत नाही. पोटाला चिमटा घेऊन भरलेल्या हप्त्याचे काय केलेत? रस्त्यावर माणसे का मारलीत? प्रश्न एकच आहे : ज्यांनी तुमच्यावर विश्वास टाकला त्यांना जाब द्या.

राजीनामा तेव्हा स्वीकारला गेला नाही. चिंतामणरावांनी फेब्रुवारीत अर्थसंकल्प मांडला आणि काम चालू ठेवले. जूनमध्ये मुंबईत काँग्रेस महासमितीच्या अधिवेशनात नेहरूंनी मुंबई केंद्रशासित ठेवण्याची घोषणा पुन्हा केली. अखेर जुलैत राजीनामा मंजूर झाला आणि २५ जुलै १९५६ रोजी चिंतामणरावांनी लोकसभेत निवेदन केले. आपल्या आठवणीत या निवेदनाचा एकच भाग उरला आहे, महाराष्ट्राविषयीच्या आकसाचा. तो भाग त्यात होता आणि तो तिखटही होता. पण निवेदनाचा कणा वेगळा होता. त्यांचे म्हणणे असे की मुंबईबाबतचा एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळापुढे चर्चेला न आणता जाहीर झाला. घटनेने मंत्रिमंडळाची जबाबदारी सामूहिक ठरवली आहे. जबाबदारी सगळ्यांची असेल तर निर्णयही सगळ्यांपुढे यायला हवा. दुसरा मुद्दा गोळीबाराचा : त्याची न्यायालयीन चौकशी व्हावी, ही मागणी मान्य झाली नव्हती. नेहरूंनी उत्तर दिले की सरकारचे धोरण जाहीर करण्याचा अधिकार पंतप्रधानाला असतो. हा वाद दोन माणसांच्या रुसव्याफुगव्याचा नव्हता. लोकशाहीत पंतप्रधान हा सहकाऱ्यांतला पहिला की सहकाऱ्यांच्या वरचा, हा तो वाद. तो आजही मिटलेला नाही, म्हणून ते निवेदन आजही वाचायला हवे. मुंबई आपली होती म्हणून मराठी माणसाने ते जपले. पण ओडिशातल्या किंवा तमिळ मुलखातल्या नागरिकाचाही त्यावर तेवढाच हक्क आहे.

चिंतामणरावांवर टीका झाली, तीही इथे मांडली पाहिजे. जानेवारीत राजीनामा दिला तर जुलैपर्यंत थांबले का, असे तेव्हाही विचारले गेले. माझ्या मते विम्याचा वटहुकूम कायद्यात उतरवायचा होता, अर्थसंकल्प तोंडावर होता, आणि काम अर्धवट टाकून निघून जाणे त्यांच्या स्वभावात नव्हते. तरी त्या सहा महिन्यांत मुंबईच्या माणसाला त्यांचे मौन खुपले असेल तर त्याला दोष देता येणार नाही. दुसरी टीका अर्थशास्त्राची. दुसऱ्या योजनेच्या वेळी अर्थतज्ज्ञांचे मंडळ त्यांच्याच अध्यक्षतेखाली होते. प्रा. बी. आर. शेणॉय यांनी तुटीच्या अर्थकारणाविरुद्ध वेगळे मत नोंदवले आणि ते एकटे पडले. १९५७ मध्ये परकीय चलनाची टंचाई आली तेव्हा शेणॉय आठवले गेले. त्या वेळी चिंतामणराव मंत्री नव्हते, पण योजनेच्या आखणीत त्यांचा हात होता, हे नाकारू नये. हिशेब मागणाऱ्याचाही हिशेब व्हायला हवा. त्यांना स्वतःला ते आवडलेच असते.

पद सोडल्यावर त्यांनी जे केले नाही, तेही महत्त्वाचे. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेवर १९५७ च्या निवडणुकीत उभे राहिले असते तर कोकणात त्यांना कोण हरवणार होते? ते उभे राहिले नाहीत. ते विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष झाले. पुढे १९६२ ते १९६७ दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. इंडिया इंटरनॅशनल सेंटर त्यांनी उभे केले. प्रा. महालनोबिसांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्षपद त्यांनी सुमारे दोन दशके सांभाळले. १९५९ मध्ये सरकारी सेवेसाठीचा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला. १९६९ मध्ये स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांच्या पाठिंब्याने ते राष्ट्रपतिपदासाठी उभे राहिले आणि १,१२,७६९ मते मिळवून तिसरे आले. मंत्रिपदानंतरची त्यांची ही एकच मोठी राजकीय लढत, आणि ती ते हरले.

आता पुन्हा अंबरपेठेकडे. पहिली पत्नी रोझिना १९४९ मध्ये वारल्या. २२ जानेवारी १९५३ रोजी चिंतामणरावांनी दुर्गाबाईंशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. लग्नाला साक्षीदार होते खुद्द नेहरू. या जोडीचा विचार करताना मला नेहमी १९३० साल आठवते. त्या वर्षी चिंतामणराव मध्यप्रांतात सरकारी अधिकारी होते आणि दुर्गाबाई मिठाच्या सत्याग्रहात त्याच सरकारचा कायदा मोडून तुरुंगात गेल्या होत्या. एकाने कारभार शिकून देशासाठी ठेवला, दुसरीने कारभार झुगारून. पुढे दुर्गाबाई घटना समितीत बसल्या आणि नियोजन मंडळावर आल्या. १९५३ मध्ये केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. १९७५ मध्ये दोघांनाही पद्मविभूषण मिळाले.

हैदराबादशी चिंतामणरावांचा आणखीही एक धागा होता. इथल्या बेला व्हिस्टा वाड्यात चालणाऱ्या अॅडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेजच्या नियामक मंडळाचे ते अध्यक्ष होते. तो वाडा पूर्वी निजामाच्या युवराजाचा, 'प्रिन्स ऑफ बेरार'चा. ज्या वऱ्हाडच्या नावाने तो युवराज मिरवत असे, त्या वऱ्हाडाच्या प्रांतात चिंतामणरावांनी कारभार केला होता. आणि ज्या राज्यपुनर्रचनेवरून त्यांनी मंत्रिपद सोडले, तिनेच १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन भाग केले. मराठवाड्याचे पाच जिल्हे इथून निघाले, आम्ही मराठी माणसे मात्र काचीगुडा, बरकतपुरा, अंबरपेठेत राहिलो. त्यांच्या राजीनाम्याची गोष्ट आम्ही मुंबईकरांसारखी ऐकलेली नाही. सरहद्द हलली की घरात काय होते, हे माहीत असलेल्यांनी ती ऐकली आहे.

आयुष्याची शेवटची वर्षे चिंतामणराव याच शहरात राहिले. संस्कृत त्यांची सोबतीण होती. 'मेघदूता'चा मराठी अनुवाद त्यांनी ऐन कारभाराच्या धामधुमीत केला होता, गांधीजींची वचने संस्कृत श्लोकांत बांधली होती. मराठी घरातला हा माणूस तेलुगू घरात वावरताना दोन्ही भाषांना शब्दधन देणारी भाषा जवळ बाळगून होता. ९ मे १९८१ रोजी दुर्गाबाई गेल्या. त्यानंतर दीड वर्षही झाले नाही तोच, २ ऑक्टोबर १९८२ रोजी, हैदराबादेत चिंतामणरावांचे निधन झाले.

वाचकाला एक विनंती आहे. पुढची पाने केवळ राजीनाम्याच्या प्रकरणासाठी उलटू नका. कंटाळवाणी वाटणारी पाने आधी वाचा : फाळणीतली शिलकेची वाटणी, वित्त आयोग, सहाशे गावांची पाहणी, कंपनी कायद्याची ६५८ कलमे. ती वाचून झाल्यावर लोकसभेतले निवेदन वाचा. मग ध्यानात येईल की त्या दिवशी सभागृहात उभा असलेला माणूस रागावलेला पुढारी नव्हता. सदतीस-अडतीस वर्षे वह्या चोख ठेवल्यामुळे दुसऱ्याची वही मागण्याचा अधिकार त्याने कमावला होता. आजच्या कोणत्याही मंत्र्याबद्दल मत बनवताना हीच कसोटी लावावी. त्याने कोणते पद मिळवले हे विचारू नका. त्याने मागे काय उभे ठेवले आणि कोणत्या प्रश्नावर तो पद सोडायला तयार होता, हे विचारा.

भारतीय आयुर्विमा महामंडळ १ सप्टेंबर १९५६ रोजी सुरू झाले. तेव्हा ते घडवणारा अर्थमंत्री पदावर नव्हता. त्या महामंडळाचा हप्ता डीडी कॉलनीतल्या घरांतून आजही भरला जातो.